लिंग आणि लिंगभावावरचा ऑनलाइन कोर्स : गर्भाचे धडे उत्तम, जगाची सफर कंटाळवाणी

आधी निकाल सांगते. कोर्स जरूर घ्या. पण जीवशास्त्राचे धडे सावकाश बघा आणि ‘जगभरातले लिंगभाव’ हा भाग दीडपट वेगाने पळवा.

मी प्रसूतिकक्षात नर्स आहे. बाळ बाहेर आलं की पहिला प्रश्न कोणता येतो ते मला वेगळं सांगायला नको. आम्ही बघतो, सांगतो, कागदावर खूण करतो. क्वचित कधी ती खूण लगेच करता येत नाही, आणि मग खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे लागतात. म्हणून हा विषय नीट शिकायचा होता.

गर्भाचा धडा सुरेख आहे. साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत गुणसूत्रं एक्सएक्स (सहसा मुलगी) काय नि एक्सवाय (सहसा मुलगा) काय, जननग्रंथी सारखीच असते आणि स्त्रीच्या व पुरुषाच्या, अशा जननमार्गाच्या नलिकांच्या दोन्ही जोड्या हजर असतात. पुढे वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक (१९९० साली सापडलेलं) कामाला लागतं आणि ग्रंथीचं वृषण होतं. हे मलाही पाठ होतं. पण शिकवणाऱ्या बाई प्रत्येक पायरीवर थांबून विचारतात, ‘इथे वेगळं घडलं तर?’ एसआरवाय एक्स गुणसूत्रावर जाऊन बसलं, तर एक्सएक्स असूनही मुलगा जन्मतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक भरपूर, पण पेशींना त्याची दखलच घेता येत नाही, तर एक्सवाय असूनही शरीर बाहेरून मुलीचं. असं शिकवलं की डोक्यात पक्कं बसतं.

त्याच बाई अंडाशयाकडे येतात आणि ‘एसआरवाय नसेल तर मुलगी’ म्हणून पुढे निघतात. हे मला पटलं नाही. अंडाशय घडवायलाही डब्ल्यूएनटी४, आरएसपीओ१ अशी जनुकं राबत असतात. प्रौढ उंदरिणीत फॉक्सएल२ हे जनुक काढून टाकलं तर अंडाशयातल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या होऊ लागतात, हे २००९ मध्ये दिसलं. म्हणजे टिकवण्याचं कामही चालूच. पुरुष ‘घडतो’ आणि बाई ‘आपोआप होते’, ही समजूत प्रयोगशाळेत कुठून शिरली, हा या कोर्सला साजेसा प्रश्न होता. तो विचारलाच नाही.

दुसरी तक्रार नर्स म्हणून. जन्मजात अ‍ॅड्रिनल विकारात मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून मुलींच्या शरीरातही पुरुषी संप्रेरकं जास्त तयार होतात. त्या मुली पुढे स्वतःला काय समजतात याची लांबलचक चर्चा, आणि शरीरातलं मीठ कमी होऊन दुसऱ्या आठवड्यात बाळ दगावू शकतं याला अर्धं वाक्य! ओळखीचा प्रश्न थांबू शकतो, सोडियम थांबत नाही.

सगळ्यात जास्त आवडला तो डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास गावाचा धडा. तिथे एका विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेमुळे काही एक्सवाय मुलं जन्मतः मुलीसारखी दिसत, तशीच वाढत, आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं होई. त्यातली बहुतेक पुरुष म्हणून जगू लागली, असं १९७०च्या दशकातल्या अभ्यासकांनी नोंदवलं आणि श्रेय टेस्टोस्टेरॉनला दिलं. पण त्या समाजात पुरुषाला मोकळीकही जास्त होती. मिळत असेल तर कोण नाही म्हणेल? बाई दोन्ही बाजू मांडतात आणि घाईने निवाडा देत नाहीत.

सफरीच्या भागात ही शिस्त उरत नाही. अल्बानियातल्या बुर्नेशा, म्हणजे ब्रह्मचर्याची शपथ घेऊन पुरुषासारख्या राहणाऱ्या स्त्रिया, आणि इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या बुगी समाजातले पाच लिंगभाव, सगळं फोटो दाखवत उरकलंय. अल्बानियाच्या डोंगरात वारसा पुरुषाकडेच जाई, सूडाच्या वैरात घरातले पुरुष मारले जात, ठरवलेलं लग्न मोडलं तरी वैर पेटे. शपथ ही त्यातून निघायची वाट होती. एवढं सांगितलं असतं तर ती नवलाई न राहता माणसं दिसली असती.

औषधांचा धडा छोटा पण नेमका. झोल्पिडेम ही झोपेची गोळी बायकांच्या रक्तात सकाळीही जास्त उरते, म्हणून अमेरिकेत २०१३ मध्ये त्यांचा डोस निम्मा केला. गोळी १९९२पासून मंजूर होती. मूल होऊ शकेल अशा बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून दूर ठेवा, असा सल्ला तिथे १९७७ ते १९९३ लागू होता, हेही त्याच धड्यात येतं.

प्रश्नमंजुषा मात्र टाकाऊ. ‘हाडांची घनता : जीवशास्त्र की संस्कृती?’ उत्तर म्हणे जीवशास्त्र. मग ऊन, आहार, लहानपणी उड्या मारायची मुभा यांचं काय? मी मुद्दाम ‘संस्कृती’वर टिचकी मारली आणि गुण गमावला. नर्स, शिक्षक, वयात येणाऱ्या मुलांचे पालक यांनी कोर्स घ्यावा. प्रमाणपत्रासाठी घेणार असाल तर मंजुषा सहन करावी लागेल.