कोलोरॅडोची अमेंडमेंट जी: शेजारच्या काकांच्या टॅक्स बिलावरून रिव्ह्यू

अमेंडमेंट जी म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याची घटनादुरुस्ती, अपंगत्वामुळे नोकरी करू न शकणाऱ्या माजी सैनिकांनाही घराच्या टॅक्समध्ये सवलत देणारी. 5 पैकी 4 स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

आमच्या शेजारचे काका आर्मीत होते, पाठ आणि कान दोन्ही गेलेत. त्यांचं व्हीएचं (माजी सैनिकांचं केंद्र सरकारी खातं) अपंगत्वाचं रेटिंग 70 टक्के, पण नोकरी करणं शक्यच नाही म्हणून भत्ता 100 टक्क्यांच्या दराने मिळतो, ह्याला तिकडे अनएम्प्लॉयेबिलिटी म्हणतात. आता गंमत नाही, खरंच त्रास होता बघा, 2006 ला मतदारांनी जी प्रॉपर्टी टॅक्सची सवलत पास केली होती ती फक्त कायमच्या 100 टक्के रेटिंगवाल्यांनाच. म्हणजे एक सरकार म्हणतं हा माणूस काम करूच शकत नाही, आणि घराचा टॅक्स लावताना तोच माणूस पुरेसा अपंग नाही! काकांनी तसं सांगणारं पत्र फ्रिजवर लावून ठेवलेलं, घड्या पडून पडून मधे फाटलेलं, टेपने चिकटवलेलं.

नोव्हेंबर 2024 ला अमेंडमेंट जी आली आणि 70 टक्क्यांच्या वर लोकांनी हो म्हटलं. मीही म्हटलं, अजिबात विचार करावा लागला नाही.

सवलत नक्की किती, तर घराच्या पहिल्या 2 लाख डॉलर किमतीच्या निम्म्यावर टॅक्स नाही. घर साडेचार लाखाचं असेल तर हिशोब साडेतीन लाखावर होतो. एक लाख हातात पडत नाहीत हां, बरेच जण इथेच चुकतात. शाळा नि काउंटीचा बुडालेला पैसा राज्य भरून देतं त्यामुळे त्यांचंही नुकसान नाही, हे मला फार आवडलं.

2025 च्या टॅक्सपासून लागू, पण इथे टॅक्स पुढच्या वर्षी भरतात त्यामुळे काकांना फरक दिसला तो 2026 च्या बिलात. बिल घेऊन कुंपणापाशी आले, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि नुसते उभे राहिले, काही बोललेच नाहीत.

स्टार कापला कारण ती 2 लाखाची मर्यादा 2000 सालच्या सीनियर सवलतीपासून (ज्येष्ठ नागरिकांसाठीची अशीच सवलत) तीच आहे, घरांच्या किमती कुठच्या कुठे गेल्या. आणि भाड्याने राहणाऱ्या सैनिकाला ह्यातून एक पैसा नाही, स्वतःचं घर हवं आणि त्यातच राहायला हवं. त्यांचं काय, ह्याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

ओळखीत कोणी असेल तर सांगा, अर्ज 1 जुलैच्या आत गेला पाहिजे, आपोआप काही मिळत नाही.