पीएचपीचा साधा लॉगिन फॉर्म: आंब्याचा एक हंगाम काढल्यावर

देवगडकडच्या आंबा बागायतदारांच्या एका गटाला पेट्यांचा हिशेब ठेवायला छोटी साइट करून दिली. लॉगिनसाठी फ्रेमवर्क, म्हणजे कोडचा तयार सांगाडा, घेतलं नाही. पीएचपी या वेबसाइट लिहायच्या भाषेत जे आयतं मिळतं तेवढ्यावर भागवलं. गणपतीनंतर सुरू केलेली साइट आता हापूसचा हंगाम काढून बसली आहे. पासवर्ड तपासणारं यंत्र भक्कम निघालं. सगळा ताप झाला तो नंबर आणि पासवर्ड या दोन चौकटींत माणसं काय टाइप करतात याचा.

पासवर्ड_हॅश (पासवर्डचा उलटा न फिरणारा ठसा, म्हणजे हॅश, बनवणारं) आणि पासवर्ड_व्हेरिफाय (तो ताडून बघणारं) ही जोडी २०१३ पासून, म्हणजे ५.५ आवृत्तीपासून आहे. सॉल्ट, म्हणजे हॅशमध्ये मिसळायचा स्वैर मजकूर, ती स्वतःच घालते. आपण डेटाबेसमधला हॅशचा कॉलम २५५ अक्षरांचा ठेवायचा आणि गप्प बसायचं. अजूनही एमडी५ ही जुनी, कमकुवत हॅश पद्धत वापरणारे भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. क्वेरी पीडीओच्या (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची सोय) प्रिपेअर्ड स्टेटमेंटमधून, म्हणजे टाइप केलेला मजकूर आदेशापासून वेगळा ठेवून; लॉगिन झाल्यावर सेशनचा, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदीचा, आयडी बदलायचा. यात तक्रारीला जागा नाही.

मोबाइल नंबरची चौकट मात्र दिसते तशी साधी नाही. कुणी +९१ लावून लिहितं, कुणी आधी शून्य देतं, कुणी मध्ये जागा सोडतं. मराठी कीबोर्डवाले चक्क देवनागरी आकडे टाकतात, आणि सीटाइप_डिजिट हे आकडे तपासणारं फंक्शन त्यांना आकडे मानतच नाही. इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात, रूपांतर केलं तर हाती शून्य. म्हणून आधी देवनागरी आकडे इंग्रजीत बदलायचे, मग आकड्यांखेरीज सगळं काढायचं, शेवटचे दहा ठेवायचे. इथे सैल राहिलेलं बरं.

पासवर्डला तीच सैल वागणूक दिलेली चालत नाही. ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढणं) नाही, एचटीएमएल एस्केप (विशेष चिन्हं बदलणं) नाही. पण मराठी पासवर्डांनी एक अपवाद करायला लावला. एका काकांनी पासवर्डात ‘किनाऱ्यावर’ हा शब्द घेतला. स्वतःच्या फोनवरून लॉगिन व्हायचं, मुलाच्या फोनवरून नाही. “माजो पासवर्ड तोच आसा, तुमचा मशीनच खोटा बोलता!” काका खरं बोलत होते. तो अर्धा र एका कीबोर्डवरून ‘ऱ’ला हलन्त लावून येतो, दुसऱ्यावरून साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक. डोळ्यांना एकच, बाइट वेगळे, म्हणून हॅशही वेगळा. युनिकोडचं एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, केलं तरी हा जोडक जात नाही; तो बदल वेगळा लिहावा लागतो, आणि नोंदणी व लॉगिन दोन्हीकडे तोच.

शिवाय पासवर्ड_हॅशची नेहमीची पद्धत बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं, काने-मात्रे धरून. म्हणजे २४ चिन्हांनंतर काहीही लिहिलं तरी दार उघडतं. लांबीची मर्यादा बाइटमध्ये मोजायची आणि नोंदणीतच तसं स्पष्ट सांगायचं.

‘नंबर किंवा पासवर्ड जुळत नाही’ असा एकच संदेश ठेवला आहे. नेमकं काय चुकलं, हे विचारणारे फोन त्यामुळे येतात, पण कोणाचं खातं आहे हे परक्याला कळण्यापेक्षा ते फोन परवडले. चुकीचे प्रयत्न मोजताना केवळ आयपी पत्त्यावर बंदी घालू नका. मोबाइल डेटावर कित्येक फोन एकाच पत्त्यामागे असतात. एकाच्या चुकीने अख्खी वाडी बाहेर राहायची. मी खात्यानुसार मोजतो आणि दर चुकीला थोडा थांबा वाढवतो.

सेशनचं मूळ आयुष्य १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. फॉर्म उघडा टाकून पेट्या भरायला गेलेला माणूस एवढ्यात परततो थोडाच! मी ते दोन तासांवर नेलं. तरीही सेशन संपलंच, तर अर्धी भरलेली नोंद आता लॉगिननंतर पुन्हा समोर येते.