बॅरिॲट्रिक ऑपरेशननंतरचा उन्हाळा: ताक की नारळपाणी?
नागपूरचा मे म्हणजे पारा 45 च्या घरात, आणि वजन घटवण्याच्या या ऑपरेशनमुळे पोट इतकं लहान की ग्लासभर पाणी एका दमात जातच नाही. दिवसाचं दीड-दोन लिटर घोटाघोटानेच भरायचं.

माझा कौल ताकाला. लोणी काढलेलं, पातळ, गाळलेलं, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड घातलेलं. घामातून गेलेलं मीठ परत येतं, थोडं प्रथिनही मिळतं. दूध पचत नसेल तर मात्र पोट फुगू शकतं.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मिळणाऱ्या नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, साखर थोडी असतेच. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. ऑपरेशननंतर अगदी सुरुवातीला नितळ पेयंच चालतात, तेव्हा ताकापेक्षा हेच बरं.

जेवणानंतर दोन्हीसाठी अर्धा तास थांबा. पाण्याचा घोटही पोटात ठरेना, तर तडक दवाखाना गाठा.