गाणे पुन्हा उघडते का? प्लगिनांसोबतचे अकरा महिने

नाशिकच्या सिडकोतील राहत्या घराच्या एका खोलीत माझा लहानसा स्टुडिओ आहे. भजनी मंडळांची ध्वनिमुद्रणे, शाळांच्या स्नेहसंमेलनांचे ट्रॅक, दुकानांच्या जाहिराती आणि गणपतीच्या आधी ढोल पथकांचे काम, असे वर्षभर काही ना काही चालू असते. संगणक म्हणजे १६ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप, आणि रेकॉर्डिंगपासून मिक्सपर्यंत सारे काम रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. गेल्या अकरा महिन्यांत मी प्लगिनांचे, म्हणजे अशा सॉफ्टवेअरला जोडून आवाज घडवणाऱ्या किंवा निर्माण करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे, मुद्दाम दोन वेगळे संच वापरून पाहिले. एक, परदेशी कंपनीचे मासिक वर्गणीचे मोठे पॅकेज, ज्याचे नाव येथे लिहीत नाही. दुसरा, रीपरबरोबर येणारे प्लगिन, काही मोफत व मुक्त-स्रोत प्लगिन आणि एकदाच पैसे भरून घेतलेला एक ईक्यू (आवाजातील खालच्या-वरच्या पट्ट्या कमी-जास्त करणारा प्लगिन). पुढे लिहिले आहे ते या दोन्हींच्या रोजच्या वापराविषयी.

पॅकेज घेताना सर्वांत जास्त उत्सुकता आवाजाची होती आणि नेमके त्याविषयीच आता सांगण्यासारखे सर्वांत कमी आहे. ढोलाच्या घुमाऱ्याखाली ताशाची तर्री दबू नये आणि टिपरूचा टोला मात्र छातीवर यावा, ही नाशिक ढोलाच्या मिक्समधील खरी कसरत असते. कंप्रेसर हा मोठा आवाज आवळणारा प्लगिन; त्याचा अटॅक, म्हणजे आवळायला लागणारा वेळ, ५ मिलिसेकंदांवर ठेवला की टोला बोथट होतो. तोच ३० च्या आसपास नेला की टोला सुटून पुढे येतो आणि मागचा घुमारा तेवढा आवळला जातो. हे काम पॅकेजमधील त्या देखण्या कंप्रेसरने केले, ज्याच्या पडद्यावर जुन्या यंत्राचे गंजलेले स्क्रूसुद्धा चितारलेले आहेत, आणि रीपरच्या रीआकॉम्प या कंप्रेसरनेही केले, ज्याचे रूप एखाद्या सरकारी अर्जासारखे आहे. कोणते मिक्स कशाने केले आहे हे न सांगता पथकातील सहा-सात जणांना दोन्ही ऐकवली. अर्धा तास कडाक्याचा वाद झाला, पण तो ताशा किती पुढे हवा यावर. कंप्रेसरचा फरक कोणाच्या कानालाही लागला नाही. माझ्याही लागला असता का, याविषयी मी फार छाती ठोकून सांगणार नाही.

फरक पडला तो दुसरीकडे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका जाहिरातीचे गिऱ्हाईक शेजारच्या खुर्चीत बसलेले असताना प्रकल्प उघडला, तर चौदा ट्रॅकवरील पॅकेजचे प्लगिन परवाना मागू लागले. त्या महिन्याची वर्गणी कार्डावरून गेलीच नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या नियमित रकमांसाठी ग्राहकाची आगाऊ नोंदणी आणि प्रत्येक वेळी २४ तास आधी सूचना लागते. नियम आपल्याच भल्याचा आहे, पण परदेशी विक्रेत्याची व्यवस्था त्याच्याशी जुळलेली नसेल तर पैसे खात्यात असूनही हप्ता परत जातो. पुन्हा पैसे भरायचे म्हटले तर पावसाने सकाळपासून इंटरनेट बंद होते. गिऱ्हाइकाने चहा घेतला, दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला आणि खरोखर आला, हे माझे नशीब. तेव्हापासून वर्गणीचा एखादा प्लगिन ट्रॅकवर लावला की काम संपताच तो ट्रॅक फ्रीझ करायचा, म्हणजे परिणामासह त्याची ध्वनिफीत करून ठेवायची, ही सवय मी लावून घेतली आहे.

वर्गणी की मालकी, हा वाद जगभर चालू आहे आणि त्यात वापरकर्ते अगदीच हतबल नाहीत. वेव्हज या जुन्या कंपनीने मार्च २०२३ मध्ये कायमचे परवाने विकणे बंद करून केवळ वर्गणी ठेवण्याचे जाहीर केले, तेव्हा एवढा ओरडा झाला की काही दिवसांतच तो निर्णय तिला मागे घ्यावा लागला. उलट बाजूचे उदाहरण सीरम या सिंथेसायझरचे आहे. तो २०१४ मध्ये आला आणि मार्च २०२५ मध्ये त्याची संपूर्ण नवी दुसरी आवृत्ती जुन्या ग्राहकांना एकही पैसा न घेता मिळाली. सगळ्यांना हे परवडेल असे नाही. संगणकाची कार्यप्रणाली बदलत राहते, त्यामुळे प्लगिन एकदा विकून हात झटकता येत नाहीत, दरवर्षी त्याची डागडुजी करावी लागते आणि तिचे पैसे कोणाला तरी द्यावेच लागतात, ही कंपन्यांची बाजूही खरी आहे. माझी तक्रार पैशांबद्दल नाहीच. हप्ता थांबला की नवे काम थांबावे हे समजू शकते, पण पूर्वी केलेले कामही मुके व्हावे, हे पटत नाही.

वर्गणी नसलेल्या प्लगिनांचेही सगळे आलबेल आहे असे समजू नये. पंचवटीतील एका भजनी मंडळाच्या बुवांनी २०१४ मध्ये माझ्याकडे एक अभंग ध्वनिमुद्रित केला होता. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने तो नव्याने काढावा, मागे पखवाज थोडा वाढवावा आणि शेवटचा अंतरा पुन्हा गाऊन बसवावा, अशी त्यांची इच्छा होती. जुना प्रकल्प उघडला. गळा, पखवाज, पेटी, टाळ, सगळ्या ध्वनिफिती जागच्या जागी होत्या. मात्र गळ्यावरचा रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला जागेचा घुमारा देणारा प्लगिन, रोख पैसे मोजून घेतलेला असूनही उघडेना, कारण तो बनवणारी छोटी कंपनी केव्हाच बंद झाली होती आणि नव्या लॅपटॉपवर परवाना चालू करून देणारा तिचा सर्व्हर तिच्याबरोबर गेला होता. रीपर अशा वेळी न सापडलेल्या प्लगिनाची रिकामी जागा राखून ठेवतो. मृताच्या नावाची पाटी दारावर तशीच असावी, तसे ते दिसत होते.

यात प्लगिनांच्या साच्याचा, म्हणजे ज्या ठरलेल्या पद्धतीने प्लगिन आणि रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतात त्या करारनाम्याचाही भाग आहे. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये आपल्या क्युबेस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसोबत व्हीएसटी हा साचा आणला, १९९९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, आणि संगणकावर संगीत करणाऱ्या दोन पिढ्या त्या दुसऱ्या आवृत्तीवर वाढल्या. तिसरी आवृत्ती २००८ ची. दुसऱ्या आवृत्तीसाठी नव्या विकासकांना परवाने देणे ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबले. आज ते जुने प्लगिन माझ्याकडे चालतात, पण एखाद्या यजमान सॉफ्टवेअरने उद्या दार लावले तर त्यांना दुसरे घर नाही. मॅक वापरणाऱ्या माझ्या मित्राची चिंता निराळी: इंटेल प्रोसेसरसाठी लिहिलेले प्लगिन नव्या मॅकवर रोझेटा या दुभाष्याच्या आधाराने चालतात, आणि तो दुभाषा मॅकओएस २७ पर्यंतच पूर्णपणे उपलब्ध राहील, असे ॲपलने सांगून टाकले आहे.

मला आशा वाटते ती साच्यांच्या खुलेपणाकडे पाहून. बिटविग आणि यू-ही या दोन कंपन्यांनी जून २०२२ मध्ये क्लॅप हा साचा एमआयटी परवान्याखाली खुला केला, म्हणजे तो वापरायला कोणाच्या सहीची गरज नाही आणि उद्या कोणाची मर्जी फिरली म्हणून तो काढूनही घेता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टाइनबर्गनेही व्हीएसटी-३ त्याच परवान्याखाली खुले केले. वापरताना या बातमीने माझ्या पडद्यावर काडीचाही फरक पडला नाही, पण पुढच्या दहा वर्षांसाठी प्लगिन निवडताना मी आता हीच गोष्ट आधी पाहतो. सर्ज एक्सटी हा माझा रोजचा सिंथेसायझर याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्या मूळ कर्त्याने २०१८ मध्ये त्याचा स्रोत खुला केला, आणि त्यानंतर अनेकांनी मिळून तो वाढवला. अशा प्लगिनाचा मूळ मालक निघून गेला तरी प्लगिन अनाथ होत नाही.

बुवांच्या अभंगासाठी मी शेवटी वेगळा मार्ग धरला. पंचवटीत आमच्या नात्यातील एक जुना वाडा आहे. दगडी जोते, सागवानी खांब, मधोमध फरसबंद चौक. पहाटे साडेपाचला, दुचाक्या सुरू होण्याच्या आत, ओटीवर दोन मायक्रोफोन लावून चौकात फुगा फोडला. फुग्याच्या आवाजात जवळजवळ सगळ्या पट्ट्यांचे स्वर एका क्षणात असतात, त्यामुळे त्याला वाड्याने दिलेले उत्तर हे त्या जागेचे ठसापत्रच असते. रीपरमधील रीआव्हर्ब ते ठसापत्र वाचून कोणताही आवाज त्या चौकात नेऊन उभा करतो. पहिल्या फुग्याला आढ्यावरची कबुतरे उडाली. दुर्लक्ष करून तीच फीत वापरली, तर अभंगाच्या प्रत्येक शब्दामागे पंखांची फडफड ऐकू येऊ लागली, कारण हे तंत्र पंख आणि भिंत यांत भेद करत नाही. कबुतरे परत येऊन बसण्याआधी घाईने फोडलेला तिसरा फुगा कामी आला. साधारण सव्वा सेकंदाची ती साधी वेव्ह फाईल आहे. तिला परवाना नाही, सर्व्हर नाही, आणि या प्रकारचा कोणताही रिव्हर्ब ती उघडू शकतो.

त्याच कामात आपल्या संगीताचा जुना प्रश्न पुन्हा आडवा आला. सूर दुरुस्त करण्याच्या प्लगिनांची सुरुवात १९९७ च्या ऑटोट्यूनपासून झाली. त्याचे जनक अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींच्या नोंदींचे विश्लेषण करत. कल्पना अफाट होती, पण अशा प्लगिनांची सरधोपट मांडणी आजही बारा समान घरांच्या सप्तकावर आहे. पॅकेजमधील दुरुस्तीचा प्लगिन नव्या अंतऱ्यावर मी अगदी सौम्य लावला होता, तरी ऐकताच बुवा म्हणाले, "अहो, माझा गंधार कुठे गेला?" गंधार गेला नव्हता, वर सरकला होता. तानपुऱ्यातून उमटणारा शुद्ध गंधार षड्जापासून साधारण ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाच्या बारा समान घरांपैकी एका घराचा शंभरावा भाग) असतो आणि प्लगिनाचा ४०० वर. चौदा सेंटचा हा फरक कागदावर किरकोळ आहे, पण साठी ओलांडलेल्या गायकाच्या कानाला तो खड्यासारखा लागतो. मींडेचे तर पायऱ्या पाडून जिने झाले होते. शेवटी तो प्लगिन काढला आणि बुवांनी दोन ओळी पुन्हा गायल्या. सर्ज एक्सटीमध्ये मात्र हवे ते स्वरांतर लिहिलेली स्काला फाईल भरता येते, त्यामुळे तानपुऱ्यामागचा मंद स्वरभरणा त्याच गंधारावर बसवता आला. वेगवेगळ्या स्वरांना एकाच वेळी स्वतंत्र मींड देण्याची सोय एमपीई या पद्धतीने आता बऱ्याच वाद्यांत आली आहे. ती वापरून आपल्या वाद्यांचे प्लगिन कोणी मनापासून करील, तर मी वर्गणीसुद्धा भरीन.

यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) प्लगिनांविषयी थोडक्यात. गोंगाट काढण्यात ते थक्क करतात. पंख्याखाली केलेले कीर्तनाचे जुने ध्वनिमुद्रण दहा मिनिटांत ऐकण्याजोगे झाले. मिक्स झालेल्या गाण्यातून गळा आणि वाद्ये वेगळी करणे मात्र आपल्याकडे अर्धवटच साधते. या कामाच्या संशोधनात फार वापरला गेलेला एमयूएसडीबी-१८ हा संग्रह १५० गाण्यांचा आहे आणि त्यात आवाजाचे भाग चारच: ड्रम्स, बास, गळा व इतर. टाळ आणि चिपळ्या यांनी कोणत्या खोलीत जावे हे अशा वाटणीत ठरलेले नाही. माझ्याकडे टाळ गळ्यालाच चिकटून आले, आणि बुवांच्या प्रत्येक 'विठ्ठल'च्या शेवटी किणकिण राहिली.

खर्चाचे सांगायचे तर, रीपरचा सवलतीचा परवाना ६० डॉलर आहे, साठ दिवस तो पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येतो, आणि भजन, जाहिराती व ढोल यांचे नव्वद टक्के काम त्याच्या सोबतच्या प्लगिनांत भागते. नवख्याने आधी तेवढेच घ्यावे. आपल्याकडे परवाना मोडून चालवलेल्या क्रॅक व्हर्जनचा रस्ता सर्रास धरला जातो. मीही पूर्वी धरला होता आणि त्याबरोबर आलेल्या व्हायरसमुळे एका लग्नाचे पूर्ण काम गमावले होते, म्हणून त्यावर उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, अनुभव मात्र आहे. पॅकेजमधील दोन प्लगिनांची आठवण येईल: गोंगाट काढणारा आणि गळ्यातील टोचरे स्वर त्या त्या क्षणी दाबणारा. ते दोन सुटे विकत मिळाले तर घेईन. बाकी पॅकेजचे नूतनीकरण केलेले नाही.

अभंग गेल्या आठवड्यात पूर्ण झाला. पूर्ण मिक्ससोबत प्रत्येक ट्रॅक एकदा कोरा आणि एकदा परिणामांसह, प्लगिनाशिवाय कुठेही उघडेल अशा वेव्ह फाईलमध्ये काढून पेनड्राइव्हवर दिला. रात्री नऊला बुवांचा फोन आला, "अहो, यात तेवीस फायली आहेत. आमचा अभंग कोणता?"