बजेट ब्रँडचा टीव्ही की प्रीमियम ब्रँडचा? पैसे नेमके कुठे जातात

टीव्ही घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न ‘कुठल्या कंपनीचा?’ हाच असतो. खरं तर तो तिसरा-चौथा प्रश्न असायला हवा. एकाच प्रीमियम कंपनीच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या मालिकेत जेवढी तफावत असते, तेवढी त्या खालच्या मालिकेत आणि बजेट ब्रँडच्या टीव्हीत क्वचितच असते. म्हणून आपल्या रकमेत बसणारी दोन मॉडेलं समोरासमोर ठेवा आणि त्यांचीच तुलना करा.

पडदा कोण बनवतं

एलसीडी पॅनेल बनवणारे मोठे कारखाने जगात मोजकेच आहेत: बीओई, सीएसओटी, एचकेसी, एयूओ, इनोलक्स. यांतली सीएसओटी ही टीसीएल या चिनी टीव्ही कंपनीची. सॅमसंग डिस्प्लेने २०२२ मध्ये एलसीडी पॅनेल बनवणं थांबवलं. सोनी टीव्हीसाठी पॅनेल बाहेरून घेते आणि त्यावर आपलं प्रोसेसिंग (चिपने चित्र सुधारणं) चढवते. नावांचंही तसंच आहे. तोशिबाचा टीव्ही व्यवसाय २०१८ पासून हायसेन्स या चिनी कंपनीकडे आहे, तर फिलिप्स नावाचे टीव्ही अनेक देशांत टीपीव्ही ही कंपनी बनवते. तेव्हा चौकटीवरच्या नावावरून आतल्या पॅनेलचा अंदाज बांधू नये.

पॅनेलचा प्रकार मात्र जरूर विचारा: व्हीए की आयपीएस. व्हीए पॅनेलचा कॉन्ट्रास्ट (सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागांचं प्रमाण) साधारण ३,००० ते ६,००० ला १ असतो, आयपीएसचा १,००० ला १ च्या आसपास. अंधाऱ्या खोलीत, समोर बसून सिनेमे बघणाऱ्याला व्हीए बरं. घरातले लोक खोलीभर विखरून, बाजूने बघत असतील तर आयपीएस, कारण बाजूने पाहिलं की व्हीएचे रंग फिके पडतात. या बाबतीत महाग-स्वस्त असा भेद नाही. एकाच मॉडेलच्या ४३ आणि ५५ इंची टीव्हीतसुद्धा पॅनेलचा प्रकार वेगळा निघू शकतो, त्यामुळे एका मापाचं परीक्षण वाचून दुसरं माप मागवू नका.

खरा फरक: बॅकलाइट

एलसीडी पॅनेल स्वतः उजेड देत नाही, तो मागच्या एलईडींचा असतो. स्वस्त टीव्हीत या एलईडी एकतर कडेला असतात (एज-लिट), नाहीतर मागे थोड्याच बसवून त्यांचा उजेड भिंगांनी पसरवलेला असतो (डायरेक्ट-लिट). दोन्हींत साधारणपणे अख्खा पडदा एकदमच उजळतो किंवा मंदावतो. म्हणून रात्रीच्या दृश्यात काळ्याच्या जागी राखाडी दिसतं. वरच्या मालिकांत लोकल डिमिंग असतं, म्हणजे एलईडींचे गट (झोन) स्वतंत्रपणे मंद करता येतात. मिनी एलईडीत हे झोन शेकड्यांनी, कधी हजाराच्याही वर असतात. ओएलईडीत तर प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो, त्यामुळे काळा तो काळाच.

‘क्यूएलईडी’ या नावाला इथे भुलू नका. ते फक्त एवढंच सांगतं की बॅकलाइटपुढे क्वांटम डॉटचा थर आहे आणि रंग जास्त भरीव दिसतील. एकही डिमिंग झोन नसलेले क्यूएलईडी टीव्ही दोन्हीकडे भरपूर मिळतात, प्रीमियम ब्रँडच्या दुकानातही.

एचडीआरची, म्हणजे उजळ आणि अंधारे भाग जास्त खुलवून दाखवणाऱ्या चित्राची, गोष्ट यालाच जोडलेली आहे. एचडीआर सिनेमे बहुधा १,००० किंवा ४,००० निटच्या (निट हे चमक मोजायचं एकक) मॉनिटरवर रंगसंस्कार करून तयार होतात. बजेट टीव्हीची चमक बहुधा २५० ते ३५० निट. तो एचडीआर सिग्नल स्वीकारतो, खोक्यावर तसं छापतोही; पण दाखवताना सगळं दाबून बसवतो, आणि कित्येकदा एचडीआर चित्र साध्या चित्रापेक्षा काळपट दिसतं. ६०० निटच्या पुढे चमक आणि सोबत डिमिंग झोन असतील तरच एचडीआरसाठी जादा पैसे मोजावेत. आणखी एक: एचडीआर१०+ आणि डॉल्बी व्हिजन हे एचडीआरचेच दोन प्रकार; सॅमसंगच्या टीव्हीत पहिला मिळतो, दुसरा मिळत नाही. बजेट ब्रँडांच्या अनेक मॉडेलांत दोन्ही असतात.

आमचं स्पष्ट मत असं: रक्कम तेवढीच असेल आणि एका बाजूला प्रीमियम ब्रँडची पायाभूत मालिका, दुसऱ्या बाजूला टीसीएल किंवा हायसेन्ससारख्या ब्रँडचा झोनवाला मिनी एलईडी असेल, तर चित्रासाठी दुसरा घ्या. पहिल्यात तुम्ही बरेचसे पैसे नावाचेच देता.

प्रीमियम ब्रँड जिथे खरोखर सरस ठरतो

प्रोसेसिंगमध्ये. कमी रिझोल्यूशनचे चॅनेल, जुने कार्यक्रम, दाबून पाठवलेलं क्रिकेट हे सगळं ४के पडद्यावर ताणून दाखवावं लागतं. स्वस्त चिप कडा तीक्ष्ण करायला जाते तेव्हा अक्षरांभोवती पांढरी झालर उमटते, आणि मावळतीच्या आकाशात रंगांचे पट्टे दिसतात. तुमचं बघणं मुख्यतः केबल-डिशवरचं असेल तर हा फरक रोज जाणवेल. ४के स्ट्रीमिंगच बघत असाल तर फारसा नाही.

हालचालीतही फरक पडतो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या, पॅनेलवर प्रत्येक फ्रेम बरोबर ५ वेळा दाखवता येते. ६० हर्ट्झवर एक फ्रेम ३ वेळा, पुढची २ वेळा असं करावं लागतं आणि कॅमेरा संथपणे फिरताना दृश्य अडखळतं. ‘मोशन रेट २४०’ असल्या आकड्यांना अर्थ नाही. ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट (पॅनेलचे मूळ हर्ट्झ) किती?’ एवढंच विचारा. काही बजेट टीव्हींत ‘१२० हर्ट्झ डीएलजी’ असं लिहिलेलं असतं. ते पॅनेल मुळात ६० हर्ट्झचंच असतं, आणि १२० वर नेताना उभं रिझोल्यूशन निम्मं होतं.

गेमिंग कन्सोल जोडणार असाल तर ‘एचडीएमआय २.१’ या छापावर थांबू नका. त्यातल्या एखाद-दोन सोयी दिल्या तरी तो छाप लावता येतो. ‘४के १२० हर्ट्झ कोणत्या पोर्टवर चालतं?’ असं विचारा. महाग टीव्हीतही असे पोर्ट पुष्कळदा चारपैकी दोनच असतात, आणि त्यांतला एक ईएआरसीचा (साउंडबारला आवाज पाठवणारा) निघाला तर साउंडबार लावल्यावर कन्सोलला एकच उरतो.

आवाजाबद्दल थोडक्यात: बजेट टीव्हीत साधारण १० वॉटचे दोन स्पीकर असतात, प्रीमियममध्ये थोडे बरे. दोन्हीपेक्षा साधा साउंडबार चांगला.

सॉफ्टवेअर आधी म्हातारं होतं

बजेट टीव्हीत १ ते १.५ जीबी रॅम आणि ८ जीबी साठवण नेहमीचीच. त्यातली निम्मी जागा सिस्टिमच खाते, आणि दोन-तीन वर्षांत अॅप उघडायला वेळ लागू लागतो. निदान २ जीबी रॅम आणि १६ जीबी साठवण बघा. यापेक्षा गंभीर अडचण बिनप्रमाणित, म्हणजे गूगलची मान्यता नसलेल्या, अँड्रॉइडची. मेनू गूगल टीव्हीसारखाच दिसतो, पण वाइडवाइन एल१ (नक्कल रोखणाऱ्या सुरक्षेची वरची पातळी) नसेल तर बऱ्याच स्ट्रीमिंग सेवा फक्त एसडी, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं, चित्र देतात, मग पडदा ४के असून उपयोग काय? सॅमसंगने २०२४ च्या मॉडेलांपासून ७ वर्षांच्या सिस्टिम अद्यतनांची घोषणा केली आहे. बहुतेक बजेट ब्रँड असं काही लिहून देत नाहीत. तरीही केवळ सॉफ्टवेअरसाठी महाग टीव्ही घेऊ नये. मंदावलेल्या टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावली की काम भागतं. पडदा मात्र मागाहून बदलता येत नाही.

बिघाड आणि दुरुस्ती

स्वस्त टीव्हीत वारंवार येणारा बिघाड म्हणजे आवाज चालू, पडदा काळा. अशा वेळी अंधारात टॉर्च पडद्याला अगदी जवळ, तिरकी धरून बघा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, बॅकलाइट गेला आहे. थोड्या एलईडींकडून जास्त उजेड घ्यायचा म्हणून त्यांना जास्त करंट दिलेला असतो, त्या तापतात. आणि सगळ्या एका ओळीत जोडलेल्या असल्याने एक तुटली की ओळच बंद पडते. पट्ट्या बदलता येतात, मात्र बदलायच्या तर पूर्ण संच. उपाय पहिल्याच दिवशी करता येतो: बॅकलाइट कारखान्यातून बहुधा १०० वर ठेवलेला असतो, तो ६०-७० वर आणा.

ओएलईडीवर बातम्यांची पट्टी किंवा चॅनेलचं चिन्ह रोज तासन् तास राहिलं तर कायमचा ठसा उमटू शकतो. हे टाळण्यासाठी टीव्ही स्टँडबायमध्ये असताना पिक्सेलची दुरुस्ती आपोआप होते. भिंतीवरचं बटण लगेच बंद केलं तर ती होतच नाही. रिमोटने बंद करा, वीज चालू राहू द्या. दिवसभर बातम्या चालू असणाऱ्या घरात मिनी एलईडीच घ्यावा.

पॅनेल फुटलं तर नवं पॅनेल जवळपास टीव्हीच्याच किमतीत पडतं, आणि फुटणं सहसा वॉरंटीत बसत नाही. वॉरंटीची वर्षं पॅनेलला वेगळी आणि बाकी भागांना वेगळी असतात का, तंत्रज्ञ घरी येतो का, मेनबोर्ड आणि टी-कॉन बोर्ड (पॅनेलला सिग्नल देणारा) किती वर्षं मिळतील, ही उत्तरं लेखी घ्या. छोट्या ब्रँडमध्ये मॉडेल वर्षभरात गायब होतं आणि सुटे भागही.

पैसे देण्याआधी आणि नंतर

दुकानातले टीव्ही भडक ‘डेमो’ मोडमध्ये असतात. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावायला सांगा. पेनड्राइव्हवर तीन गोष्टी न्या: काळ्यावर पांढरी अक्षरं असलेलं चित्र (अक्षरांभोवती उजेडाचं वलय दिसतं का?), एकरंगी राखाडी चित्र (डाग, पट्टे?) आणि अंधारी दृश्यं असलेली क्लिप.

मापाचा हिशेब सोपा आहे. बसण्याचं अंतर पडद्याच्या कर्णाच्या १.२ ते १.६ पट असावं. ५५ इंचाचा कर्ण १४० सेंमी, म्हणजे साधारण १.७ ते २.२ मीटर. सोफा ३ मीटरवर असेल तर महाग ५५ इंचीपेक्षा मध्यम दर्जाचा ७५ इंची जास्त समाधान देतो.

घरी आल्यावर टीव्ही उभाच ठेवा, आडवा झोपवू नका. भिंतीवर चढवण्याआधी लाल, हिरवी, निळी, पांढरी अशी एकरंगी चित्रं लावून मृत पिक्सेल शोधा, प्रत्येक एचडीएमआय पोर्टात काहीतरी जोडून बघा, आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोकं व थर्माकोल टाकू नका.