जुन्या मियाटाचं पॉवर स्टिअरिंग: ठेवायचं, काढायचं की रॅकच बदलायचा?

पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ (अमेरिकेतली मियाटा; १९८९ ते १९९७, बोनेटमधून वर येणाऱ्या हेडलाइटवाली) या गाडीच्या काही गाड्या पॉवर स्टिअरिंगसह आल्या, काही साध्या. अमेरिकेत सुरुवातीला पॉवर स्टिअरिंग ‘ए पॅकेज’मध्ये मिळायचं; ते न घेणाऱ्याला मॅन्युअल रॅक (रॅक म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारी दातेरी दांड्याची यंत्रणा). त्यामुळे आज अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये आपल्यापैकी कुणी अशी गाडी घेतली, की पॉवर स्टिअरिंग काढून टाकण्याचा सल्ला मिळतोच. सल्ला देणारे ‘पॉवर की मॅन्युअल’ एवढंच विचारतात. खरं तर निवड चार गोष्टींतून करायची आहे, आणि त्यातली एक मी सरळ बाद करतो.

आधी एक आकडा. पॉवर रॅकचं गुणोत्तर (पुढचं चाक एक अंश वळायला स्टिअरिंग किती अंश फिरवावं लागतं ते) साधारण १५:१, कंपनीच्या मॅन्युअल रॅकचं १८:१. म्हणजे मॅन्युअलमध्ये तेवढ्याच वळणासाठी हात जास्त फिरवावे लागतात, पण जोर कमी लागतो. पॉवर रॅकमधली मदत काढून तोच रॅक ठेवला, तर स्टिअरिंग चपळ राहतं पण जड होतं. पुढची सगळी तुलना या फरकावर उभी आहे.

आहे तसंच ठेवणं. रोज ऑफिसला जाणारी गाडी असेल, रस्त्याकडेला दोन गाड्यांच्या फटीत लावायची असेल, तर माझं मत इथेच थांबतं. या गाडीचं हायड्रॉलिक स्टिअरिंग (पंपाने दिलेल्या तेलाच्या दाबावर चालणारं) मुळात वाईट नाही. ‘रस्ता कळत नाही’ ही तक्रार बरेचदा कडक झालेले टायर, गेलेले बुश (सस्पेन्शनचे रबरी जोड) आणि वर्षानुवर्षं न केलेलं अलाइनमेंट यांची असते. ते आधी करून बघा. पंप किंवा नळी गळत असेल तर मात्र दुरुस्तीचा खर्च बाकीच्या पर्यायांशी ताडून बघावा.

पंप काढून नळ्यांची तोंडं एकमेकांना जोडणं. हा बाद. दुपारभरात होतं म्हणून लोक करतात. पण रॅकच्या आत पिस्टन आणि त्याची सील तशीच राहते. स्टिअरिंगचं चाक फिरवलं की ती उरलंसुरलं तेल किंवा हवा ढकलत बसते. स्टिअरिंग जड आणि चिकट लागतं, आत ओल शिरली तर गंजही धरतो. नुसता बेल्ट काढून ‘मॅन्युअल कसं लागेल’ ते अजमावणाऱ्यांचीही हीच फसगत होते: तेव्हा हात पंपातून तेल ढकलत असतात. नीट मोकळा केलेला रॅक त्याहून हलका असतो.

रॅक खोलून नीट मोकळा करणं. अंगमेहनतीचं काम, पण मजा इथेच आहे. रॅक गाडीतून काढायचा, टाय रॉड (रॅकला पुढच्या चाकांशी जोडणारे दांडे) सोडवायचे, दांडा बाहेर ओढायचा. दांड्याच्या मध्यावर पिस्टनची कडी दिसते. तिच्यावरची सील कापून काढायची, आतली मधली सीलही काढायची, म्हणजे हवा दोन्ही बाजूंना मोकळी फिरते. जुनं तेल पुसून काढायचं, दात ग्रीसने भरायचे, नळ्यांची भोकं बंद करायची.

मग येतो खरा प्रश्न, पिनियनचा. पॉवर रॅकच्या पिनियनमध्ये (स्टिअरिंगच्या टोकाचं, रॅकच्या दातांना हलवणारं छोटं दातेरी चक्र) एक बारीक टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा दांडा, असतो. स्टिअरिंगचं चाक फिरवलं की तो किंचित पिळला जातो आणि त्या पिळाने तेलाचा व्हॉल्व्ह उघडतो. तेल गेलं तरी पीळ राहतो: चाक सरळ असताना थोडं हलवलं, तर आधी बार पिळतो आणि मग टायर वळतात. शर्यतीच्या ट्रॅकवर हा प्ले (ढिलेपणा) जाणवतो. म्हणून जाणकार बारच्या दोन्ही टोकांकडचे पिनियनचे भाग एकमेकांना वेल्ड करून घेतात. वेल्डिंग स्वतः शिकत असाल तर पहिला प्रयोग स्टिअरिंगवर करू नका. मुरलेल्या वेल्डरकडे द्या, नाहीतर तो बारीक प्ले सहन करा. गल्लीबोळात फिरताना त्याने काही अडत नाही.

कंपनीचा मॅन्युअल रॅक. रस्त्यावर चालवणाऱ्यासाठी सगळ्यात गोड. टॉर्शन बार नाही, पिस्टन नाही, कापाकापी नाही, आणि १८:१ मुळे पार्किंगला खांदे भरून येत नाहीत. पण घट्ट वळणांच्या शर्यतीत हात भराभर फिरवावे लागतात. अडचण मिळण्याची आहे. भंगारातून उचलताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. मध्यावर ढिला आणि टोकांना घट्ट लागला तर दात झिजलेत, सोडून द्या.

एसी ठेवायचा असेल तर एक खोच लक्षात घ्या. या गाडीत एसी आणि पॉवर स्टिअरिंगचा बेल्ट एकच आहे आणि त्याचा ताण पंप सरकवून लावला जातो. पंप गेला की ताण लावायला वेगळी आयडलर पुली (नुसती फिरत बेल्ट ताणून धरणारी कप्पी) आणि दुसऱ्या लांबीचा बेल्ट लागतो. पुष्कळांना हे पंप निघाल्यावर कळतं.

टायरचं गणितही विसरू नका. कंपनीचे टायर होते १८५/६०आर१४. रुंद, चिकट टायर आणि वर लहान व्यासाचं शौकीन स्टिअरिंग व्हील लावलंत, तर मोकळा केलेला रॅक जागच्या जागी फिरवणं म्हणजे मारुती ८०० रेतीत रुतल्यासारखं. अलाइनमेंटमध्ये कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) थोडा कमी ठेवला की जोर उतरतो, पण वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढही कमी होते. गाडी जरा सरकू लागली की दोन्ही मॅन्युअल प्रकारांत जडपणा झपाट्याने कमी होतो. त्रास उभ्या गाडीचा असतो.

वजन आणि ताकद वाचवण्यासाठी करत असाल तर नका करू. पंप, टाकी, नळ्या मिळून फायदा किरकोळ आहे. मनगट किंवा खांदा आधीच कुरकुरत असेल, किंवा घरातलं आणखी कुणी गाडी चालवत असेल, तरीही पॉवर राहू द्या. महिन्यातून एखादा ट्रॅक डे (शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवण्याचा दिवस) आणि बाकी वेळ गॅरेजमध्ये, असं असेल तर मोकळा केलेला, वेल्ड केलेला रॅक. घाटरस्ता, रविवार सकाळ, बारीक टायर असतील तर मॅन्युअल रॅक शोधत बसणं परवडतं.

काढलेला पंप, नळ्या आणि ब्रॅकेट विकू नका, पुढचा मालक मागेल. आणि ब्रिटनमध्ये असाल तर विमा कंपनीला हा बदल कळवा.