जयपूर फूट: पाय झकास, पण सॉकेटचं नीट बघून घ्या

आप्पांसाठी (माझे सासरे, शुगरमुळे गँगरीन होऊन गुडघ्याखाली पाय काढावा लागला) जयपूर फूट हा कृत्रिम पाय घेतलाय, आता रोजच्या वापरात आहे म्हणून लिहितेय, कारण नेटवर बघावं तर एकतर नुसतं कौतुक नाहीतर लाखालाखाच्या इंपोर्टेड पायांच्या जाहिराती, घरात वापरताना काय होतं ते कुणी सांगतच नाही.

आधी पायाबद्दल, त्यात नाव ठेवायला जागा नाही. आत टाचेला आणि पुढे स्पंजसारखं रबर, घोट्यात लाकडाचा ठोकळा आणि वरून सगळं टायरच्या रबरासारखं मजबूत आवरण, तेही कातडीच्या रंगाचं, बोटंसुद्धा काढलेली. हा पाय सगळ्या बाजूंनी वाकतो त्यामुळे आप्पा ओबडधोबड बांधावरून चालतात, जेवायला मांडी घालून बसतात, चिखलात गेले तर नळाखाली धुऊन टाकतात आणि मुख्य म्हणजे अनवाणी चालता येतं. पूर्वी बाहेरच्या पद्धतीचे पाय मिळायचे ते कडक आणि बूट घालूनच वापरायचे, आपल्याकडे देवळात घरात शेतात बूट घालून कोण फिरणार! १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह हॉस्पिटलमध्ये रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिरांनी आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी मिळून हा पाय बनवला तो याच अडचणीतून. सेठींना १९८१ ला मॅगसेसे मिळालं, शर्मांचं नाव मात्र फारसं कुणाला माहीत नसतं, हे मला खटकतं. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती हा पाय फुकट बसवून देते, ज्यांना गरज आहे त्यांनी पैशाच्या भीतीने घरी बसू नये.

आता सॉकेट. पाय कितीही भारी असू दे, सगळा भार जातो तो स्टंप (कापल्यावर उरलेला पायाचा भाग) ज्यात बसतो त्या कवचावर. प्लास्टरने माप घेतात, त्याचा साचा करून पाण्याच्या पाइपसारखा एचडीपीईचा (एक टणक प्लास्टिक) पाइप तापवून त्यावर ओढतात. आम्ही पहिला पाय एका शिबिरात घेतला, तिथे ही गर्दी, माप घेणाऱ्याला मान वर करायला वेळ नाही, स्टंपची सूज उतरलीय का हेही कुणी विचारलं नाही. सूज उतरली आणि सॉकेट ढिलं झालं, चालताना पाय आत खालीवर व्हायला लागला, नडगीच्या टोकाला लाल चट्टा. शुगरवाल्यांना दुखतही नाही हो, आप्पा म्हणायचे मला काही होत नाहीये आणि इकडे कातडी सोलवटलेली. म्हणून पाय काढला की रोज मोबाईलचा कॅमेरा खाली धरून स्टंप बघा, लाली पंधरावीस मिनिटांत गेली तर ठीक, नाही गेली तर पाय घालू नका. नंतर दुसरीकडे नवीन सॉकेट करून घेतलं, तिथल्या टेक्निशियनने आप्पांना चालवून बघितलं, घासून कड कमी केली, परत चालवलं, तेव्हा कुठे जमलं. सकाळी स्टंपवर एक मोजा पुरतो, संध्याकाळी ढिलं वाटलं की वरून अजून एक, हे आता आप्पांचं आप्पाच बघतात.

वजनाला जरा जड आहे आणि उन्हाळ्यात आत घाम फार येतो, एवढीच तक्रार. रबर झिजतं, ते बदलून मिळतं.

जाता जाता, डॉक्टर बोलले की अँप्युटेशन (हातपाय कापून काढणं) हा लॅटिन शब्द, मुळात फांद्या चहूबाजूंनी छाटायच्या कामाचा. आप्पांची द्राक्षबाग, ते लगेच म्हणाले मग फुटवा कधी येणार ते सांगा 😄

पायाला पाचपैकी साडेचार, शिबिरातल्या फिटिंगला दोन. माप द्यायच्या आधी क्रेप बँडेज बांधून सूज उतरू द्या, झोपताना गुडघ्याखाली उशी अजिबात नको, गुडघा वाकलेलाच आखडला तर पुढे पाय बसवणं अवघड जातं. आणि जाताना रोजच्या वापरातली चप्पल घेऊन जा, पायाची उंची त्यावर जुळवतात.